भावजींचं सत्तर सीटचं विमान

आमचे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरी आल्यावर विमान उडवतात. मागच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट हलवून त्यांनी तिथे कॉकपिट थाटलंय: विमान उडवायच्या खेळासाठी कॉम्प्युटरचे तीन स्क्रीन, मोडीत निघालेल्या गाडीची सीट, पायाशी पेडलं. विमानही अवाढव्य नाही. दोन इंजिनांचं, सत्तर सीटचं, जवळपासच्या शहरांना जाणारं छोटं जेट. "मोठं काय, कुणीही उडवतं," असं ते ज्या तोऱ्यात सांगतात, तो तोरा बघण्यासारखा असतो.

ताई मात्र जन्मात विमानात बसली नव्हती. लेक समुद्रापलीकडे, विमानाने तासाभरावर, तिचं पहिलं बाळंतपण तीन आठवड्यांवर आलेलं, आणि तिथे जायला असलंच छोटं जेट. आई हवी म्हणून लेक तिकडे फोनवर रडायची, ताई इकडे रडायची. पण तिकिटाचं नाव काढलं की ही घाबरून विषय बदलायची.

"त्यात काय! तुला रोज नेऊन आणतो," भावजी म्हणाले. शेजारी स्टूल ठेवून आठवडाभर त्यांनी ताईला त्याच मार्गाने नेलं. विमान दर वेळी अलगद टेकायचं आणि भावजी माझ्याकडे बघून मिशीला पीळ द्यायचे. ताईचा नन्नाचा पाढा चालूच.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "नीट उतरलेलं रोजच बघतेय. गिऱ्हाइकाला लिफ्टचा ब्रेक लागतो कसा, ते दाखवता ना? मग बिघडल्यावर विमानाचं काय करता, ते मला दाखवा."

भावजींनी विमान वर नेलं. मग हवेतच त्यांनी उजवं इंजिन बंद केलं. विमान उजवीकडे ओढायला लागलं. तोरा कुठल्या कुठे गेला, पण हात थांबले नाहीत. डाव्या पेडलवर पाय रोवून ते करायच्या कामांची यादी मोठ्याने वाचत होते आणि ताई एकेका ओळीवर बोट ठेवून "हं, पुढे" म्हणत होती. मला देव आठवले, खोटं कशाला सांगू! विमान धाडकन आपटलं, वाकडंतिकडं धावलं आणि धावपट्टीच्या अगदी कडेला थांबलं.

"जरा आपटलं," भावजी ओशाळून म्हणाले.

"माणसं उतरली ना सगळी?"

"उतरली."

"मग काढा तिकीट. आणि लेकीला फोन लावा, मीच सांगते."