मामाजींच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई

माझे सासरे पुसदहून आमच्याकडे यवतमाळला कायमचे राहायला आले, तेव्हा त्यांच्याजवळ कपड्यांची एक बॅग, औषधांचा डबा आणि रेकॉर्ड प्लेअर एवढंच सामान होतं. मी त्यांना मामाजी म्हणतो. ते निवृत्त मुख्याध्यापक. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं एकटे राहिले, मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि बायकोने मला त्यांना आणायला पाठवलं.

मी गाडी करू म्हणालो. मामाजी म्हणाले, एसटी बरी, उंचावर बसलं की खड्डा आधी दिसतो. रेकॉर्ड प्लेअर माझ्या मांडीवर आला. निघण्यापूर्वी त्यांनी सुईवर प्लास्टिकची टोपी चढवली, सुई धरणारी दांडी तिच्या खाचेत अडकवली, वरून लोकरीच्या धाग्याने बांधली आणि सगळी पेटी चादरीत गुंडाळली.

"काय आहे जी त्याच्यात?" कंडक्टरने विचारलं.

"सुई," मामाजी म्हणाले.

कंडक्टरने मांडीवरच्या त्या गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटं फाडली.

घरी पेटी खिडकीपासून दूर, भिंतीला टेकवून ठेवली गेली. त्यानंतर मामाजींनी आम्हाला एकत्र बसवून नियम सांगितले. सुईला बोट लावायचं नाही. फडकं तर जवळही न्यायचं नाही, कारण फडक्याचा एक धागा अडकला की सुई गेली. साफ करायची तर मऊ ब्रशने, मागून पुढे, कधीही उलटं नाही. वाजवणं झालं की टोपी, मग झाकण. झाकणावर काही ठेवायचं नाही, वर्तमानपत्रसुद्धा नाही. कामाला येणाऱ्या मावशींनाही त्यांनी हे सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मी त्या डब्ब्याजवळ झाडूबी नाही नेत, गुरुजी." आणि त्या खरंच नेत नव्हत्या. त्या कोपऱ्यात धूळ साचायची आणि ती मी काढायचो.

नियमांत एक गोष्ट नव्हती. सुईला घरात सर्वांत मोठा धोका मामाजींच्या उजव्या हाताचा होता. रोज दुपारी चारला ते रेकॉर्ड लावायचे. दांडी उचलली की ती हवेत थरथरायची आणि सुई रेकॉर्डच्या काठाच्या आत-बाहेर होत राहायची. कधी खाली टेकताना खर्रकन आवाज व्हायचा. बायको स्वयंपाकघरात जायची. मी छताकडे पाहायचो. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना फळ्यावर सरळ रेघ मारायला शिकवलं, त्याला हे कोण सांगणार?

एका दुपारी मी बँकेतलं काम आटोपून आलो तर झाकण लागलेलं, मामाजी खुर्चीत बसलेले. चार वाजून गेले होते. मी झाकण उचललं. सुई एका बाजूला पूर्ण वाकली होती आणि तिच्यावर टोपी नव्हती. मी झाकण परत लावलं.

संध्याकाळी ते माझ्या बायकोला म्हणाले, "बाईनं आज पुसलं का वो तिकडे?"

बायकोने दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं. मावशींनी हातातली बादली खाली ठेवली. "बाई, दहा वर्सं झाली मले या घरात. म्या कधी लपवलं का काही? मग आजच कायले इचारता?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी आतून ओरडलो, "माझ्याकडून झालं. फडकं मारताना."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "फडकं?"

"हो."

"म्या सांगतलं होतं ना तुमाले?"

पुढचे तीन दिवस मी फडक्यावर ऐकत होतो. कापडाचे प्रकार, धाग्यांचे प्रकार, निष्काळजी माणसांचे प्रकार. मान खाली घालून ऐकलं, कारण गुन्हा कबूल केल्यावर दुसरं काही करता येत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला निघालो तर मामाजी मागच्या अंगणात मावशींसमोर उभे दिसले. मावशी भांडी घासत होत्या.

"बाई, ते माह्याच हातून झालं," ते म्हणाले. "जावईबापू खोटं बोलले. म्या बी बोललो. तुमचा काही दोष नाही."

मावशींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बसा गुरुजी, ऊन लागून राह्यलं तुमाले." मामाजी तिथेच पायरीवर बसले. मी आत वळलो. मी ऐकलं हे त्यांना अजून मी सांगितलेलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढलेला नाही.

बाजारातल्या रेडिओवाल्याने नवी सुई मागवली. ती यायला महिना लागला. सुई आली, त्याने ती बसवून दिली. मी पेटी घरी आणली, रेकॉर्ड चढवली आणि बाजूला झालो.

मामाजी उठले नाहीत. उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसून राहिले.

"इकडे या," ते म्हणाले. "तुमाले फडकं नीट मारता येत नाही. सुई तरी ठेवायले शिका. आजपासून तुमीच ठेवान."

मी ठेवली. पहिल्या दिवशी चुकीच्या जागी, दुसऱ्या दिवशी जरा बरी. आता रोज चारला मी घरी असतो. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण सुई टेकते तेव्हा आधी जो हलका खस्स आवाज येतो, तो नीट आला की नाही, हे मला कळतं. मामाजी डोळे मिटून ऐकतात आणि रोज शेरा देतात. शेरा साधारण "ठीक" असतो.

गेल्या आठवड्यात मी एका लग्नासाठी कळंबला गेलो आणि तिथेच मुक्काम पडला. परत आलो तर रेकॉर्ड लागली नव्हती. मी विचारलं, तुमच्या मुलीला का नाही सांगितलं?

"ते सुईवर फुक मारते," मामाजी म्हणाले. "लहानपणापासून मारते."

बायकोने ते ऐकलं आणि नाकारलं नाही.