मध्यंतरापर्यंतचे सिनेमे

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्या दोन-अडीच वर्षांत मी पुष्कळ सिनेमे पाहिले. सगळे अर्धे.

माहेर माझं भोकरकडचं. सातवीतून शाळा सुटली ती पाण्यापायी. विहीर तळाला गेली आणि लांबून पाणी आणायला घरात माणूस पाहिजे होतं. लग्न झालं तेव्हा वाटलं, सुटली ती खेप. नवरा नव्या जिल्हा कचेरीत शिपाई, शहरातलं घर. पण दुष्काळ माझ्याआधीच लातुरात येऊन बसला होता. गल्लीत टँकर यायचा तो साडेचार-पाचच्या सुमारास. नवरा तेव्हा कचेरीत. सासूबाईंची कंबर धरलेली, त्यांना कळशी उचलायची नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना सिनेमाचा भारी शौक. नवा सिनेमा लागला की तीनच्या खेळाला मला बरोबर घेऊन जायच्या. सुनेचं तिकीट काढणारी सासू आमच्या गल्लीत दुसरी नव्हती, आणि ते मी आजही विसरत नाही. माझ्या आईनं थेटर आतून पाहिलेलं नव्हतं. पण मध्यंतराचे दिवे लागले की आत्याबाई माझ्या गुडघ्यावर थाप मारायच्या.

"ऊठ पोरी, टँकर येईल."

मी पदर खोचून पळायची. दारावरचा माणूस हसून म्हणायचा, "निघाल्या का अर्ध्या तिकिटाच्या वहिनी!" राहिलेला सिनेमा संध्याकाळी मी भाकरी थापताना आत्याबाई सांगायच्या. मी "आन् मंग?" विचारत राहायची.

तेव्हा माझं मत कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सिनेमाचा पहिला भाग चांगला असतो. गाणी त्यातच. एकदा हिरो-हिरॉईन धबधब्याखाली नाचत होते, तर बायकांच्या बाजूनं आवाज आला, "अगं बया, किती पाणी वाया घालवून राहिले!" अख्खं थेटर हसलं. नाच कुणी पाहिला नाही, सगळे पाणीच बघत होते. दुसऱ्या भागाबद्दल माझं मत बरं नव्हतं. आत्याबाईंच्या तोंडून ऐकलेला प्रत्येक सिनेमा बारशावर संपायचा. पोलिसाच्या सिनेमात गोळीबार चाललेला सोडून मी आले होते, त्यातही शेवटी बारसं. मला वाटायचं, सिनेमावाल्यांना दुसरं काही सुचत नाही.

दोन पंचम्या गेल्या, मला माहेरी जायला मिळालं नाही. भावाचं पत्र आलं : आई आठवण काढून राहिली. विषय निघाला की आत्याबाई म्हणायच्या, "जा की. पर पाण्याचं कसं करायचं?" मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं.

मग सासू-सुनेचा एक सिनेमा लागला. सून छळाला कंटाळून पेटी घेऊन उंबऱ्यात उभी राहते आणि तिथंच मध्यंतर. त्या दिवशी आत्याबाईंना गुडघ्यावर दोनदा थाप मारावी लागली. संध्याकाळी आत्याबाईंनी सांगितलं, "मंग काय, सासूचं मन पालटलं. सून मागं फिरली. बारसं झालं. संपला."

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत मी तेच शेजारच्या शिंपीणकाकूंना सांगितलं.

"कशाचं बारसं गं?" त्या म्हणाल्या. "ती गेली की बापाकडं! एस्टीत बसली अन् पडदा पडला. रातच्या खेळाला आम्ही टाळ्या वाजवल्या."

कळशी भरून वाहायला लागली तेव्हा मागच्या बाईनं मला हटकलं.

संध्याकाळी आत्याबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. "आत्याबाई, ती गेली म्हणं."

"कोण म्हणलं?"

"शिंपीणकाकू."

"तिला काय कळतंय सिनेमातलं." त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग मान वर न करता म्हणाल्या, "गेली. पर परत आली का न्हाई, ते दाखवलंच न्हाई त्या मुडद्यांनी."

तव्यावरची भाकरी करपली. इतके दिवस या घरात मी एकटीच घाबरते असं मला वाटत होतं.

"चार दिवसांत येती," मी म्हणाले.

"कोण?"

"कुणीबी."

त्यांनी सुपातली ज्वारी पाखडली. "जा मंग. चार दिवस तुजा नवरा भरंल पाणी कचेरीत सांगून. पाचव्या दिवशी मला सिनेमाला जायचंय."

लातूर-नांदेड, नांदेड-भोकर, गाडीतून सगळा मुलूख करडा दिसत होता. आई खडी फोडायच्या कामावर जात होती. तिचे तळहात हातात घेतले तर सोलवटलेले.

"कसं हाय गं तिकडं?"

"लई चांगलं हाय. सासू सिनेमाला नेती. तिकीट काढून."

आईनं ते त्याच दिवशी दहा जणींना सांगितलं. किती खूश झाली ती! मग माझ्याकडं वळून, मी आत्याबाईंना विचारायची तसंच, म्हणाली, "आन् मंग?"

मी तिला मध्यंतरापर्यंतचंच सांगितलं; त्यापुढं कळश्या होत्या. चौथ्या दिवशी पहाटेची गाडी धरली, टँकरच्या आत पोचायचं म्हणून.