सायलीचे पॅड पलंगाखालून निघाले

सगळ्यात आधी आली ती कॅप्टन पूनम, आणि तिच्यामागून हॉकीची अख्खी टीम! बायांनो, आज दारात चपलांना जागा उरली नाही.

आमची नात सायली त्यांची गोलकीपर. ओळीने तीन मॅच हरल्या, तेव्हापासून पोरीने पॅड पलंगाखाली ढकललेले. "आजी, माझ्यामुळेच हरतो, मी सोडते," एवढंच म्हणायची. मी आपले पोहे टाकले, दुसरं काय येतं मला?

पूनम म्हणाली, "अगं, चेंडू आम्हा दहाजणींना चुकवून तुझ्यापाशी येतो!" मग पॅड ओढून स्वतःच बांधले. "चल पार्किंगमध्ये. तू मार, मी अडवते."

एक अडवता येईल तर शपथ! मग एकेक जण उभी राहिली, सगळ्यांची तीच गत. हेल्मेट मीही घालून बघितलं हो, वास विचारू नका.

शेवटी सायलीच ओरडली, "सरका गं, असं उभं राहतात का?" पॅड बांधले आणि पहिलाच चेंडू असा लाथाडला की वॉचमनकाकांनी शिट्टी मारली.

भाकरी करपली की आपण चुलीपुढचीलाच बोलतो. पीठ कोणी मळलं, जाळ कोणी वाढवला, विचारतो का कधी?

पॅड उन्हात टाकलेत. पोरी रविवारी सकाळी येणार आहेत, सायलीला मॅचला न्यायला.