युरोपचे कायमचे रहिवासी

माझ्या धाकट्या भावाला युरोपचा रहिवासी सर्वांत आधी जुळे सोलापूरच्या चौकाने केलं. तो निघायच्या आठवडाभर आधी मामाने तिथे फ्लेक्स लावला: ‘युरोपचे कायमचे रहिवासी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ भाऊ तोवर पुण्यापलीकडे गेला नव्हता. चिंचोळी एमआयडीसीत वेल्डिंग करायचा. फ्लेक्सवर त्याचा फोटो पासपोर्टच्या मापाचा आणि शुभेच्छुक मामा कमरेपासून वर, गॉगल लावून, ‘उद्योगरत्न’. उद्योग म्हणजे पोरांना परदेशी पाठवायचं एका खोलीतलं ऑफिस. फ्लेक्सवरचं आमच्याकडे कोणी खरं धरत नाही. भाऊ हसत त्याखाली उभा राहिला, मामाने आपल्या फोनवर फोटो काढला.

रहिवासाचं कार्ड मामाने त्याच्या हातात दिलं ते बस सुटताना. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला आणि विचारलं, कधी देशाबाहेर गेला नाहीत, मग तिथले रहिवासी कसे? भावाला तिथूनच पोलिसांच्या ताब्यात दिलं. कार्ड बनावट होतं.

वकिलांनी सांगितलं, कार्ड खोटं हे उघड आहे. ते खोटं आहे हे ठाऊक असून पोराने वापरलं का, एवढाच प्रश्न. ठाऊक नव्हतं हे सांगू शकेल असा माणूस एकच, मामा. आम्ही निर्धास्त झालो. घरचाच माणूस.

मामाने पोलिसांना सांगितलं, आपण फक्त तिकीट काढून दिलं. कार्ड भाच्याने कुठूनतरी आणलं, त्याला सगळं माहीत होतं. पुरावा म्हणून तो फोटो दिला. त्यात वर अभिनंदन होतं, खाली हसणारा भाऊ होता. शुभेच्छुक तेवढे कापलेले होते.

वकील म्हणाले, अख्खा फ्लेक्स मिळाला तर बघा. मामांना कार्डाचा पत्ता नव्हता, तर अभिनंदन कशाचं करत होते?

फ्लेक्स आमच्याच गच्चीवर होता, कूलर झाकायला.

भाऊबीजेला मामा आला. भाऊ अजून कोठडीत होता. आईने ओवाळलं, मामाने ताटात साडी ठेवली, चिवडा खाल्ला आणि सहज विचारावं तसा फ्लेक्स मागितला.

आई म्हणाली, “दादा, कोर्टात एवढंच सांग, पोराला ठाऊक न्हवतं. मग फ्लेक्स ने, कूलर बी ने.”

“तसं सांगितलं तर मी आत जातो की, तायडे.”

“मग पोरगं जाऊ दे म्हन्तोस व्हय?”

मामा बशीतला चहा फुंकत राहिला. चहा केव्हाच निवला होता.

तो गेल्यावर मी गच्चीवर गेलो. आईने कूलर उघडा करून फ्लेक्स जमिनीवर पसरला होता आणि पदराने धूळ पुसत होती. सवयीनेच असेल, पण आधी तिने मामाचं तोंड पुसलं. मग घड्या घालून फ्लेक्स माझ्या हातात दिला.

“नीट ने,” म्हणाली. “वकिलाकडं जाईपतुर फाटायला नको.”