बंधारा बांधायला गेलो आणि चहा नाकारून बसलो

मी जाणार नव्हते. नोव्हेंबरातला शनिवार-रविवार, दिवाळीची आवराआवर नुकतीच संपलेली, आणि मला दोन दिवस नुसतं लोळायचं होतं. पण माझी लेक ऋतुजा नववीत आहे आणि शाळेच्या सेवा क्लबची यंदाची अध्यक्ष आहे. क्लब चंदगड तालुक्यातल्या एका वाडीत वनराई बंधारा बांधायला निघाला होता. सोबत मुली असल्यानं एक बाईमाणूस पाहिजे होतं. बाकीच्या आयांकडे सासूच्या मोतीबिंदूपासून नणंदेच्या साखरपुड्यापर्यंत सगळी कारणं तयार होती. त्यात ती वाडी निघाली माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. म्हणजे माझ्या नावावर शिक्काच बसला.

ऋतुजानं अट घातली. "आई, तू ये. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही. क्लब आमचा आहे." मी कबूल केलं. मला ओळखणाऱ्यांना कळेल, हे माझ्यासाठी केवढं अवघड काम होतं ते.

वनराई बंधारा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी रचून पाणी अडवायचं. सिमेंट नाही, इंजिनिअर नाही, दोन दिवसांत काम. चंदगडला चार महिने छत्री वाळत नाही, पण तेच पाणी ओढ्यानं निघून जातं आणि होळीच्या सुमारास बायकांना धुणं घेऊन लांब नदीवर जावं लागतं. अक्का वर्षानुवर्षं हे सांगायची. ऋतुजानं ते ऐकून क्लबात मांडलं आणि क्लबानं उचलून धरलं.

अक्कानं मग वाडीत घरोघरी जाऊन गळ घातली. माझ्या बहिणीची लेक शाळा घेऊन येतीया, तुम्ही फक्त हात लावा. काही जण म्हणाले, शहरातली पोरं येणार, फोटो काढणार, जाणार. अक्कानं सगळ्यांना शब्द दिला. त्यामुळं बंधारा कागदोपत्री आमच्या क्लबचा असला, तरी वाडीच्या लेखी तो अक्काचा होता.

पोरांनी महिनाभर बांधकामांवर फिरून रिकामी पोती जमवली. ती झटकून, धुऊन वाळवायची जागा कुठली, तर आमची बाल्कनी. आमच्या घरात त्या महिन्यात आमटीलाही सिमेंटची चव होती.

शनिवार: कोल्हापूर ते वाडी

पहाटेची एसटी धरली. स्टँडवर निम्मी पोरं झोपेत आणि निम्मी पोत्यांच्या गठ्ठ्यांवर बसलेली. कंडक्टर गठ्ठ्यांकडं बघून म्हणाला, "हे काय, साखर कारखाना हलवालाय व्हय?" मग त्यानंच टपावर चढवायला मदत केली. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं आमच्या गटातल्या मुलींनी बस सुटेपर्यंत मुलांना खिजवून घेतलं.

कागल, निपाणी, संकेश्वर, मग गडहिंग्लज आणि नेसरी असा रस्ता. मध्येच कर्नाटक लागतं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर स्वागताचे मेसेज येतात. गडहिंग्लजला गाडी थोडी थांबते, तिथं चहा पिऊन घ्या, पुढं घाटवळणं आहेत. ज्यांना बस लागते त्यांनी पुढच्या बाकांवर बसा. आमच्यातल्या तिघांनी हे ऐकलं नाही आणि त्याचा तपशील मी देत नाही. नेसरीच्या पुढं हवा बदलते. ऊस मागं राहतो, कापलेल्या भाताची खाचरं दिसायला लागतात आणि काजूच्या बागा रस्त्यापर्यंत उतरतात. चंदगडहून वाडीपर्यंत वडापची जीप मिळते. जीपमध्ये किती माणसं बसतात हा प्रश्न ड्रायव्हरला विचारू नका.

वाडीच्या शाळेपुढं सगळे जमले होते. अक्का नवी साडी नेसून पुढं. मला बघून म्हणाली, "वैशे, वाळलीस की गं." हे ती मला दर भेटीत म्हणते आणि त्यात काडीचंही तथ्य नसतं. शेजारी दादू तात्या, वाडीतले जाणते गृहस्थ. त्यांनी हात नसता लावला तर फावडंही हललं नसतं, असं त्यांचं वजन.

तात्या म्हणाले, "या पावणं. पयला चहा घ्या, मग काम हायच की."

आणि ऋतुजा पुढं झाली. तिनं भाषण पाठ केलेलं होतं. "आम्ही तुमच्या गावात काम करायला आलोय. तुमच्यावर कसलाही भार टाकणार नाही. जेवण, नाश्ता सगळं आम्ही बरोबर आणलंय. आम्ही तुमच्याकडून काहीही घेणार नाही. चहासुद्धा नाही."

हा नियम तिनंच केला होता, आणि का केला ते मला माहीत होतं. मागच्या वर्षी क्लब दुसऱ्या एका गावी गेला होता. तिथं एक म्हातारी दोन दिवस चुलीपुढून उठली नाही, सगळ्या क्लबाला रांधत बसली. ऋतुजाला ते फार लागलं होतं. नियम चांगल्या मनानं केलेला होता. पण तात्यांचा हसरा चेहरा उतरला.

"बरं," तात्या म्हणाले. एवढंच.

मी चौगुले सरांकडं बघितलं. सर म्हणजे क्लबचे मार्गदर्शक, पी.टी. शिकवतात. ते टाळ्या वाजवत होते. अक्का माझ्याकडं बघत होती. मी शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले.

काम मात्र झकास सुरू झालं. दोन्ही काठांकडून पोती रचत मध्याकडं यायचं आणि पाणी जायला मधलं तोंड शेवटपर्यंत उघडं ठेवायचं. पोरं पोती भरत होती, बायका दाभणानं तोंडं शिवत होत्या, आणि वाडीतले गडी कंबरभर पाण्यात उभे राहून थर लावत होते. चार वाजता अक्काची शेजारीण मोठी किटली घेऊन आली. ऋतुजानं हात जोडले, "नको काकू, नियम आहे." काकूंनी किटली उचलली आणि परत गेल्या. मुक्काम वाडीच्या शाळेत होता. संध्याकाळी तिथं चार-पाच घरांतून ताटं आली, भात, नाचणीची भाकरी, ओल्या माशाचं कालवण. त्या वासानं माझा जीव कासावीस झाला. ताटं झाकलेली आली, झाकलेलीच गेली. आम्ही व्हरांड्यात बसून ब्रेडला जॅम लावला.

रविवार: ओढ्यावर कोणीच नाही

सकाळी आम्ही ओढ्यावर पोचलो तर तिथं एकही माणूस नव्हतं. आम्ही वाट बघितली. सर म्हणाले, येतील, थंडी आहे. कोणी आलं नाही.

बंधारा दोन्हीकडून बराच आत आला होता, त्यामुळं सगळा ओढा आता मधल्या फटीतून घुसत होता. कडेची दोन पोती रात्रीतच सरकली होती. फट बंद करायला भरलेली पोती भराभर एका हातातून दुसऱ्या हातात देत पाण्यात उभी राहणारी दणकट माणसं लागतात. आमची पोरं दोघं मिळून एक पोतं उचलत होती आणि चौथ्या पावलाला खाली ठेवत होती. दुपारची गाडी गाठायची होती. तसंच टाकून गेलो असतो, तर आठवड्याभरात ओढ्यानं सगळं वाहून नेलं असतं. पोरं "आम्ही प्रयत्न केला" म्हणत घरी गेली असती. अक्काला तिथंच राहायचं होतं.

मी शाळेत परत आले तर अक्का पायरीवर बसलेली. डोळे लाल.

"काल सांजच्याला माझ्या दारावरनं चार बायका गेल्या. एक बोलली न्हाय," ती म्हणाली. "मी घराघरात सांगितलं व्हतं, दोन-दोन पोरं जेवायला तुमच्याकडं. लोकांनी मासं आणलं, वैशे. आणि पोरगी म्हणती, चहासुद्धा न्हाय. एखाद्याच्या घरचं पाणी नको म्हटलं की खेड्यात त्याचा अर्थ काय हुतो, तुला ठावं हाय का? त्यांला वाटलं, आमच्या घरचं ह्यांना चालत न्हाय."

"तसं नव्हतं गं अक्का."

"मला ठावं हाय तसं नव्हतं. पर मी कुणाकुणाला सांगू? आनि आता तुमी गाडीत बसणार."

ऋतुजा माझ्या मागं उभी होती. ती शाळेत उरलेली पोती मोजायला आली होती आणि तिनं सगळं ऐकलं. "आई, मला वाटलं होतं त्यांना त्रास नको," ती म्हणाली. "तू का नाही सांगितलंस?"

"तू बोलू नको म्हणालीस."

"मग आता बोल ना."

"आता मी बोलून उपयोग नाही," मी म्हटलं. "नियम तुझा आहे."

ती थोडा वेळ बुटाची लेस सोडत-बांधत बसली. मग उठली आणि सरळ दादू तात्यांच्या घराकडं निघाली. अक्का आणि मी मागं. तात्या पुढच्या सोप्यात बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आमची ऋतुजा घरात आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलते, आजोबा शिक्षक असल्याचा परिणाम. पण कोल्हापूरच्या पोरीला दुसरी भाषाही येतेच.

"तात्या, भूक लागलीया," ती म्हणाली. "काय हाय का खायला?"

तात्यांनी दोराला एक पीळ दिला. "काल नव्हती व्हय भूक?"

"व्हती की. पण नियम व्हता."

"कुणी केलता?"

"मीच केलता."

"मग?"

"चुकला," ऋतुजा म्हणाली. "तुमच्या घरचं नको, असं न्हवतं तात्या. तुमाला कामाला जुंपायला नको, एवढंच डोक्यात व्हतं. माझ्या मावशीनं कायबी चुकीचं केल्यालं न्हाय. मला म्हणायचं ते म्हणा."

तात्यांनी दोर बाजूला ठेवला. आमच्याकडं, विशेषतः अक्काकडं, बराच वेळ बघितलं.

"पोरीनं पाठ केल्यालं भाषण लई वंगाळ व्हतं," ते म्हणाले. "हे बरं बोलली." आणि आत वळून हाक मारली, "अगं, पावणी उपाशी हाय. रातची भाकरी हाय का बघ."

शिळी भाकरी, दही आणि खर्डा. ऋतुजा खाली मांडी घालून बसली आणि खायला लागली. खर्ड्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, की दुसऱ्या कशानं, ते मी विचारलं नाही. मलाही ताटली मिळाली. इतकी चांगली भाकरी मी आयुष्यात खाल्लेली नाही.

तात्यांच्या घरात बसूनच अक्कानं पोरांना बोलावून घेतलं आणि दोघा-दोघांना घरोघर धाडलं. चौगुले सरांना चार घरांनी ओढून नेलं. चौथ्या घरातून ते बाहेर आले तेव्हा त्यांना वाकता येत नव्हतं. किटलीवाल्या काकूंनी मात्र ऋतुजाला दोन कप चहा लागोपाठ पाजला. दुसरा कालचा, म्हणाल्या.

त्यानंतर सगळी वाडी ओढ्यावर. कालच्यापेक्षा जास्त माणसं. काठापासून फटीपर्यंत रांग लागली, पोतं हातोहात सरकत गेलं, आणि तात्या काठावरून सगळ्यांना शिव्या घालत होते. शेवटचा थर बसला तसा ओढ्याचा आवाज एकदम खाली आला. सगळे काठावर येऊन उभे राहिले. पोती टिकतात का ते बघायचं होतं. पाणी हळूहळू वर आलं, पोत्यांच्या माथ्याला लागलं आणि वरून पातळ चादरीसारखं पलीकडं उतरलं. एकही पोतं हललं नाही. अक्का माझा दंड धरून उभी होती, तिनं तो तेव्हा सोडला. दंडावर तिच्या बोटांचे वळ होते.

दुपारची गाडी चुकली ती चुकलीच. संध्याकाळच्या गाडीला उभ्यानं आलो. गडहिंग्लजपर्यंत जागा मिळाली नाही. पोरं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभ्या-उभ्या झोपली होती आणि प्रत्येकाच्या पिशवीत कुणीतरी काजू कोंबलेले होते.

घरी आल्यावर

ज्यांच्या शाळेत असे क्लब आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. शिधा जरूर घेऊन जा. तांदूळ, डाळ, तेल, जे झेपेल ते. पण तो तिथल्या घरात द्या आणि त्यांच्या पंगतीत बसा. भांडी घासायला पोरांना लावा. ऋतुजानं क्लबच्या बैठकीत हेच मांडलं. कुणी विचारलं, मग मागच्या वर्षीच्या त्या आजीसारखं झालं तर? ती म्हणाली, तर चुलीपाशी आपण बसायचं, त्यांना उठवायचं. तिची पोळी अजून नकाशासारखी होते.

मला प्रवासानंतर घरी आलं की साधारण दुखलेले पाय आणि धुण्याचा ढीग एवढंच आठवतं. या वेळी आठवडाभर एकच काळजी डोक्यात राहिली. आम्ही गेल्यावर लोक अक्काशी कसे वागत असतील? तोंडावर गोड बोलून मनात काही ठेवलं नसेल ना? फोन करायचा धीर होत नव्हता. शेवटी तिचाच आला. बंधारा तुडुंब आहे म्हणाली. तात्या रोज सकाळी एक फेरी मारून येतात म्हणाली. मी विचारलं, "आणि बायका?"

"बायका काय," अक्का म्हणाली, "आता धुणं तितंच धुत्यात." मग पलीकडून कुणाची तरी हाक आली आणि ती म्हणाली, "थांब हां वैशे, मला बोलवाल्यात," आणि फोन तसाच कुठंतरी ठेवून गेली.

मी फोन कापला नाही. धुणं आपटल्याचा आणि बादल्यांचा आवाज येत होता. चार-पाच बायका एकदम बोलत होत्या, कोण कुणाला काय म्हणतंय ते कळत नव्हतं, आणि त्या सगळ्यांच्या वर माझ्या बहिणीचं हसणं. मी ओट्याला टेकून ते ऐकत राहिले. ऋतुजानं येऊन खुणेनं विचारलं, काय झालं? मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्यापुढं धरला.