सरांचा कोट आणि टाचणीचं अकाउंट्स

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती, की टेलरमास्तरांच्या मुलीला कॉलेजच्या शिपायानं रिकाम्या वर्गात एकटीला पाहिलं आणि तिच्या मांडीवर फायनान्सच्या सरांचा कोट होता. कोट होता म्हणजे सरही जवळपास असणारच, हे शिपायानं पदरचं घातलं. त्याच आठवड्यात मुलीनं फायनान्स सोडून अकाउंट्स घेतलं. मग काय विचारता! ‘सरांनी फसवलं’ म्हणणारे एका बाजूला, ‘हिनंच सरांना वाटेला लावलं’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि मधे मी, वह्या-पेनांच्या दुकानात बसून दोन्हीकडे कान लावलेला. देवानं कान दोन दिलेत ते उगीच नाही.

मुलीला आम्ही टाचणी म्हणायचो. अंगानं तशीच, आणि बोलणंही टोचणारं. माझं दुकान आणि मास्तरांचं दुकान यांच्यात एकच भिंत, तीही पातळ. त्यामुळे मास्तरांच्या मशीनची घरघर आणि मास्तरीणबाईंची कुरकुर, दोन्ही मला फुकटात मिळायची. आज ती भिंत नाही, मशीन नाही, गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा तो वासही नाही. पण दुपारी डोळा लागला की अजून घरघर ऐकू येते आणि वाटतं, मास्तर आता हाक मारणार, “अहो शेजारी, चहा सांगा!” पैसे अर्थातच शेजाऱ्यानं द्यायचे.

टाचणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली तेव्हा प्रश्न आला, अकाउंट्स घ्यायचं की फायनान्स. पहिला महिना दोन्ही वर्गांना बसून बघायची मुभा होती. अकाउंट्स सकाळी, फायनान्स दुपारी. घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

“दोन्हीत फरक काय, ते मला समजेल असं सांग,” मास्तर म्हणाले. हातात कात्री, तोंडात खडूचा तुकडा.

“जे झालं ते नीट मांडायचं, ते अकाउंट्स. पुढे काय करायचं ते ठरवायचं, ते फायनान्स.”

“असं होय! म्हणजे एक माप घेणारा आणि दुसरा कापणारा.” मास्तर खूश झाले. “मग तू काप. माप काय, कुणीही घेतं. कापायला छाती लागते.”

“चुकीचं कापलं गेलं तर?” मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. “कापड काय तुमचा बाप आणून देणार?”

“माझा बाप कशाला? तुझा आहे की अजून धडधाकट!”

भिंतीपलीकडे मला हसू दाबता आलं नाही. तिकडून टाचणी ओरडली, “काका, हसायचं असेल तर इकडे येऊन हसा, भिंत हलतेय!”

तिचा स्वतःचा जीव फायनान्समध्येच होता. मास्तरांचाही होता. पोरीनं सुईदोऱ्यात अडकू नये म्हणून त्यांनी तिला कधी काजबटण शिकवलं नाही. सुईला हात लावला की म्हणायचे, “ठेव ती. तू पेन धर.”

फायनान्सचे सर तरुण होते, अविवाहित होते आणि उन्हाळ्यातही कोट घालायचे. गल्लीला एवढं पुरे झालं! एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, एका कारखान्याला नवं यंत्र घ्यायचंय, घ्यावं की नाही? सगळे मान खाली घालून आकडेमोड करायला लागले. टाचणी म्हणाली, “सर, आधी जुनं यंत्र चालवणाऱ्याला विचारा. तो अजून किती दिवस रेटेल?” सर खडू खाली ठेवून म्हणाले, “तुम्ही फायनान्सच घ्या. दुसरीकडे फुकट जाल.” आणि हिचे वडील शिंपी आहेत हे कळल्यावर त्यांनी नव्या कोटाचं काळं कापडही मास्तरांकडे धाडलं.

मास्तरांनी तो कोट जीव ओतून शिवला. मुलीच्या सरांचा कोट! खांदा असा बसला, की सर नुसते उभे राहिले तरी हुशार दिसावेत. नवा कोट घालून सर वर्गात आले, खिडकीपाशी गेले, उन्हात उभे राहिले, आणि पहिल्या बाकावरचा एक आगाऊ पोरगा म्हणाला, “सर, तुमच्या कोटाला पालवी फुटलीय!”

काळ्या कोटाची सगळी काजं गडद हिरव्या दोऱ्यानं केलेली होती. सावलीत दिसत नव्हतं, उन्हात लपत नव्हतं. वर्ग खदखदून हसला. टाचणी हसली नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दोऱ्याचा रंग कापडाला भिडवून पाहिल्याशिवाय टाका घातला नव्हता, त्यानं ही काजं केली होती.

ती उठून उभी राहिली. “सर, काजं मी केलीत. बाबांनी नाही. चूक माझी.”

“मग दुरुस्त कोण करणार?”

“मीच. आजच करते.”

हे अख्ख्या वर्गानं ऐकलं. पण गल्लीनं विश्वास ठेवला तो शिपायावर. तास सुटल्यावर सर शिक्षकांच्या खोलीत बसून राहिले आणि ही रिकाम्या वर्गात कोट मांडीवर घेऊन, बोटं टोचून घेत, हिरवा दोरा उसवत बसली. पुढे सरांनी तो कोट वर्षानुवर्षं घातला. काजं वेडीवाकडी होती, पण काळी होती.

दोन दिवसांनी तिनं घरात सांगितलं, “मी अकाउंट्स घेतलं.”

मशीन थांबलं. “कात्रीला घाबरलीस?”

“दुपारच्या वर्गात झोप येते, बाबा.”

“झोप येते म्हणून विषय सोडलास? माझी पोर तू?”

मास्तर तिच्याशी बोलेनासे झाले. काही हवं असलं की बायकोला सांगायचे, “तुझ्या त्या माप घेणारीला म्हणावं, पाणी दे.” टाचणीनं काही मनावर घेतलं नाही. सकाळचा वर्ग आटोपून घरी यायची, जेवायची आणि दुपारभर दुकानात बसायची. याच सुमारास बिस्किटाच्या डब्यात गुंता होऊन पडलेली रिळं भिंतीवर खिळ्यांना लागली. पहिल्यावर काळं, दुसऱ्यावर पांढरं, हिरवं पार टोकाला. एकदा माझं बटण लावायला मी रीळ घेतलं आणि दुसऱ्याच खिळ्यावर टांगलं, तर ती अंगावरच आली. “काका, तुमच्या दुकानात खोडरबर कुठंही टाका. इथं ज्याचा खिळा त्याला!” मला वाटलं, अकाउंट्स डोक्यात गेलं पोरीच्या.

मग एका दुपारी, मी समोरच बसलो होतो, मास्तरांनी सुई हातात घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एकदा नेम धरला, पुन्हा धरला. आणि न बोलता, तिच्याकडे न बघता, सुया टोचलेली उशी तिच्याकडे सरकवली. तिनं पटापट सुया ओवल्या आणि उशी परत सरकवली. मशीन सुरू झालं. बोलणंही सुरू झालं. “चहा सांगा हो, शेजारी,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर सर स्वतः दुकानात आले. गल्ली दारादारांत उभी! पोरीला परत फायनान्सला आणायचं म्हणून ते आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. मास्तर “या, या” म्हणून सरांच्या उजव्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसले. सरांनी मास्तरांकडे पाहिलं, टाचणीच्या हातातल्या सुईकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मी पँटचं माप द्यायला आलो होतो.”

टाचणी पुढे साबणाच्या कारखान्यात हिशेबनीस झाली, मग तिथलीच मुख्य हिशेबनीस; कामावरून परतली की आधी दुकानात बसायची. मास्तरांचं दुकान मात्र आणखी बरीच वर्षं चाललं आणि एकाही गिऱ्हाइकानं काजाचा रंग चुकल्याची तक्रार केली नाही. लग्न तिनं उशिरा केलं, तेव्हा गल्लीनं सरांच्या नावानं शेवटचा उसासा टाकला.

परवा ती निवृत्त झाली. पेढीसारखं चोख दिसणारं तिचं घर, समोर चहा, आणि मी म्हातारा, जुनी खोड जाईना. विचारलंच, “फायनान्स सोडल्याचं वाईट वाटलं का ग?”

“वाटलं ना. फायनान्सवाल्यांना केबिन मोठी मिळायची.” मग निवत चाललेल्या चहाकडे बघत म्हणाली, “बाबांना कापणारी हवी होती, काका. पण त्यांची कात्री चालू राहायला हवी होती ना आधी.”

“आणि सर?”

“सरांचं काय? पँट आखूड झाली होती त्यांची. तेवढंच.”

तर गल्लीतल्या त्या कुजबुजीमागचं खरं असं: मास्तरांच्या मंदावलेल्या नजरेला दुपारनंतर सुईचं नेढं आणि दोऱ्याचा रंग दिसत नव्हता, आणि अकाउंट्सचा वर्ग दुपारच्या आत सुटायचा.