सातवी घोंगडी

दोरीवर वाळत घातलेल्या त्या सात घोंगड्या अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. सातही ओल्या होत्या, आणि घरात मोठी माणसे सहा होती.

साल बेचाळीस, महिना भाद्रपद. मी तेव्हा भोर संस्थानच्या पोलिसात फौजदार होतो आणि वेल्ह्याचे ठाणे माझ्याकडे होते. जमादार एक, शिपाई सात, बंदुका चार, त्यांतली एक नादुरुस्त. ज्या माणसासाठी मी त्या वस्तीवर चढलो, त्याचे नाव इथे लिहीत नाही. त्याला वकील म्हणू. तो होताही वकील.

त्याची पहिली सभा मी भोरला ऐकली ती नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत. कारभारात प्रजेला वाटा मिळावा, हा विषय. अहवालात मी लिहिले, 'श्रोते सतरा.' त्यांतले तिघे आम्हीच होतो, साध्या वेषात. चार वर्षांनी श्रोते चारशे झाले. मग सभाबंदी आली आणि मोजणे थांबले.

बेचाळीसच्या चळवळीत तो भूमिगत झाला. खालसा मुलखात, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत, एका चौकीवर जमाव चालून गेला होता. त्यात एक शिपाई मेला, आणि जमावाच्या पुढाऱ्यांत वकिलाचे नाव आले. तिकडच्या इन्स्पेक्टरने आमच्या दरबाराकडे लकडा लावला, की सापडला तर आमच्या ताब्यात द्या. त्याच गुन्ह्यातले दोन आरोपी याच इन्स्पेक्टरच्या ताब्यात असताना पुण्याच्या वाटेवर मेले होते. दोघांच्याही कागदावर कारण एकच : 'पळून जाताना पडून.' आमच्या ठाण्यातल्या पाणक्यालाही त्याचा अर्थ कळत होता.

खबर आणली गुंजवण्याकडच्या एका पाटलाने.

"फौजदारसायेब, वरच्या वस्तीवरची धनगराची म्हातारी काल बाजारात च्याची पूड मागत व्हती."

"मग?"

"मग काय! जल्मात च्या प्याली न्हाई ती. दुकानदारानं इचारलं, कुनासाठी गं? तर म्हनली, शेळीला खोकला झालाय."

जमादार हसला. मी हसलो नाही. वकील भाषणाआधी दोन पेले चहा घेतो, हे माझ्याच जुन्या अहवालात होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना जमादार, चार शिपाई आणि दोन पंच घेऊन मी वस्तीवर पोचलो. पाऊस नुकता उघडला होता. एकच लांबट घर, अर्ध्यात माणसे, अर्ध्यात मेंढरे. म्हातारी, तिचे तीन मुलगे, दोन सुना. मी मोजत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती.

"घरात माणसं किती?"

"ही काय समोर हाईत ती. पोरं सोडून सा."

"आणि घोंगड्या सात?"

"एक ह्यांच्या बाची हाय."

"ते कधी वारले?"

"चार पावसाळं झालं."

"मग त्यांची घोंगडी आज कशी भिजली?"

तिने दोरीकडे पाहिले. चष्मा, वह्या, चहाचा पेला, सगळे त्यांनी लपवले होते. पण भिजलेली घोंगडी घडी करून कोपऱ्यात टाकणे त्या घरात कोणाच्या हातून होणे शक्य नव्हते. ती कुजते. आमचे पाऊल वाजले तरी हाताने आपले रोजचे काम केले होते.

मग मी जे केले ते सांगतो. घराची झडती घेता आली असती. पण मला तिच्या तोंडून हवे होते, कारण पंचांसमोर कबुली झाली की कागद पक्का होतो. मी म्हणालो, "म्हातारे, सांग. नाहीतर ही बासष्ट मेंढरं आत्ता वेल्ह्याच्या कोंडवाड्यात नेतो."

भाद्रपदातल्या कोंडवाड्याच्या चिखलात खुरे सडून आठवड्यात निम्मी मेंढरे मेली असती. ते तिला माहीत होते आणि मलाही. धाकटी सून रडू लागली.

"न्या," म्हातारी म्हणाली. "दारी आल्याचं नाव आमी इचारत न्हाई. आन त्यो हाय का न्हाई, त्येबी सांगत न्हाई."

मी जमादाराला खूण केली. त्याने मेंढवाड्याच्या तोंडाला लावलेले काट्याकुडाचे झाप काढले. तेवढ्यात वरच्या माळ्यावरून आवाज आला, "तिच्या जनावरांना हात लावू नका. मी इथं आहे."

गवत सारून वकील खाली उतरला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बेड्या घालताना त्याचे हात स्थिर होते. म्हातारीने सातवी घोंगडी दोरीवरून ओढून त्याच्या खांद्यावर टाकली आणि मला म्हणाली, "परत धाडा मातुर."

दुपारी ठाण्यात मी त्याला समोर बसवले. जमादाराला बाहेर पाठवून दार लोटून घेतले. मारहाण मी केली नाही. मी फक्त इन्स्पेक्टरचे मागणीपत्र त्याला वाचून दाखवले, सावकाश, आणि मग म्हणालो, "आधीचे दोघे किती मैल गेले, ठाऊक आहे ना?"

त्याने पाणी मागितले. पेला दातांवर वाजत होता. निम्मे पाणी घोंगडीवर सांडले.

"मी सांगितलं, तर देणार नाही ना मला तिकडे?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. पेन शाईत बुडवले. ही युक्ती मला जुन्या फौजदारांनी शिकवली होती.

मग त्याने एक नाव सांगितले. नसरापूरचे एक वयस्क किराणा दुकानदार. बंदी असलेली पत्रके त्यांच्या मागच्या खोलीत निघत होती. नाव सांगून झाल्यावर त्याने तोंड घोंगडीत खुपसले. सकाळी बासष्ट मेंढरांसाठी आपण होऊन खाली उतरलेला माणूस तो हाच होता. मधे आठ तास गेले होते.

ते दुकानदार माझ्या ओळखीचे. माझ्या घरची मीठ-मिरची त्यांच्याकडून येई. कागदावर नाव चढले असते, तर त्यांच्यासाठीही तेच मागणीपत्र आले असते. दोन मेले होते, तिसरा माझ्यासमोर होता, आणि चौथा मी लिहून देणार होतो.

मी लिहिले, 'आरोपीने कोणाचेही नाव सांगितले नाही.' तीस वर्षांच्या नोकरीत रोजनाम्यात केलेली ही माझी एकच खोटी नोंद. जमादाराने दाराआडून ऐकले असेल तर, हा विचार पुढे कित्येक महिने माझ्या जेवणाच्या ताटावर येऊन बसे. घरी चार मुले होती.

तिसऱ्या दिवशी दरबारचा हुकूम आला : आरोपी खालसाच्या ताब्यात द्यावा. हुकूम मोडण्याची माझी ताकद नव्हती. मी डॉक्टर बोलावला आणि वकिलाच्या अंगावरची प्रत्येक जुनी खूण लिहून घेतली. आठ खुणा, जागा आणि लांबीसकट. 'चालतो नीट. पडण्याजोगे दुखणे नाही.' त्या यादीच्या चार प्रती केल्या, खाली पोचेच्या सहीला जागा ठेवून.

सातारा रस्त्यावर शिवऱ्यापुढे आमची हद्द संपायची. तिथे इन्स्पेक्टर मोटार घेऊन उभा होता. कागद बघून तो म्हणाला, "काय हो फौजदार, बैल विकताय का?"

"साहेब, बैलाच्या दाखल्यातही शिंगं-शेपूट लिहितात. एक प्रत दरबारला, एक तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना आजच टपालानं गेली. ही तुमची, ही माझी. सही इथं."

त्याने आठही खुणा बोट फिरवत वाचल्या. मला वाटले, नोकरी गेली. मग त्याने सही केली. वकिलाने माझी बाही पकडली होती. दोन शिपायांना त्याची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

पुढचे नऊ दिवस मी रोज टपालाची वाट पाहिली. दहाव्या दिवशी तुरुंगाची पोच आली : 'कैदी एक. खुणा आठ, यादीप्रमाणे. काळी घोंगडी एक.' घोंगडी मी पत्र लिहून मागवली आणि स्वतः वस्तीवर नेऊन दिली. म्हातारीने ती उलटसुलट बघितली, उन्हात टाकली आणि आत गेली. पूड शिल्लक असणार, पण चहा मला विचारला नाही.

वकील सुटला. संस्थान विलीन झाले, आम्ही जिल्हा पोलिसात आलो. तो आधी मुंबईला मंत्री झाला, मग दिल्लीला. प्रत्येक पायरीची बातमी मी वर्तमानपत्रात दोनदा वाचत असे. त्याला बेड्या घालणारा, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचे ते ऐकणारा, मीच होतो.

दिल्लीचा मंत्री म्हणून तो भोरला आला, तेव्हा बंदोबस्त माझ्याकडे होता. श्रोते मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. सभेनंतर निरोप आला, साहेबांनी विश्रामगृहावर बोलावलंय. घरी सांगून गेलो, की उद्यापासून मी नोकरीत नसेन.

त्याने सगळ्यांना बाहेर काढले. दार स्वतः लावले. मी सलाम करून उभा राहिलो. तो म्हणाला, "त्या दिवशीच्या रोजनाम्यात काय आहे?"

मी वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले.

तो खुर्चीवर बसला. पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. तेव्हा मला कळले, की त्या खोलीत भ्यालेला मी एकटा नव्हतो.

"आणि ते दुकानदार?"

"त्यांना काहीच कळलं नाही, साहेब. गेल्या साली वारले."

"त्याआधी दोनदा भेटले मला. नसरापूरच्या सत्कारात पहिला हार त्यांनीच घातला. म्हणाले, तुमच्यामुळं आम्ही वाचलो. आणि मी हार घालून घेतला, फौजदार."

बाहेर घोषणा चालू होत्या. मी म्हणालो, "नाव तुम्ही सांगितलंत. पण पत्र मी वाचलं होतं."

त्याने मान हलवली. मी सलाम केला आणि निघालो. माझी नोकरी गेली नाही. पुन्हा आमची भेट झाली नाही.

नव्या फौजदारांना मी पुढे एकच गोष्ट सांगत आलो. माणूस काय बोलला ते लिहिण्याआधी, बोलण्यापूर्वी तुम्ही त्याला काय दाखवलंत, काय ऐकवलंत, ते लिहा. त्याला रकाना नसतो. समासात लिहा.

आज वकील नाहीत. म्हातारी नाही, इन्स्पेक्टर नाही. नावे लिहायला आता कोणाची हरकत येणार नाही, असे घरचे म्हणतात. पण एक नाव मी त्या दुपारी लिहिले नव्हते. ते जिथे राहिले, तिथेच बाकीचीही राहू देत.